सायाळीची उलटी गोष्ट

मुलांनो, सागाच्या एका जुन्या जंगलात एक सायाळ राहत असे. सायाळ म्हणजे साळिंदर. अंगभर काळेपांढरे काटे, बारीक डोळे आणि जपून टाकलेले पाऊल. ही सायाळ आता वयाने बरीच मोठी होती. जंगलातल्या पिल्लांसाठी चित्रांची पुस्तके करणे हे तिचे काम. सागाची रुंद पाने दगडाखाली दाबून ती सपाट करी, पळसाच्या मुळीच्या दोरीने शिवी आणि आपल्याच गळून पडलेल्या काट्याने त्यांवर चित्रे काढी. सागाचे कोवळे पान चुरगळले की लाल रस निघतो, तो तिचा लाल रंग. पळसाच्या फुलांचा केशरी. वणव्यात जळालेल्या फांदीचा कोळसा, तो काळा.

पण पान ते शेवटी पानच. उन्हाळा संपेपर्यंत ते वाळून जाई, कडा मोडत आणि पिल्लांच्या हातात पुस्तकाचा चुरा होई. म्हणून दर वर्षी सायाळ तेच पुस्तक पुन्हा नव्याने काढी. तिच्या आईने हेच केले होते, आणि आईच्या आईनेही.

त्या पुस्तकातली सगळ्यांची लाडकी गोष्ट पाण्याची होती. फार पूर्वी जंगलात मोठा दुष्काळ पडला, ओढे आटले, डबकी आटली. तेव्हा एका कासवाने कातळाखाली दडलेला झरा शोधला आणि सगळ्यांना हाक मारली. पण सगळे येण्याआधी तिथे एक तरस पोचला. त्याने एकट्याने पोटभर पाणी पिऊन घेतले, झऱ्याच्या तोंडावर धोंडा लोटला आणि त्यावर ठाण मांडून बसला. शेवटी सगळ्या प्राण्यांनी मिळून त्याला पाठीत मार देऊन हाकलले. तेव्हापासून तरसाची पाठ मागच्या बाजूला उतरती झाली आणि झऱ्याचा डोह झाला. अशी ती गोष्ट.

ही गोष्ट ऐकून मोठी झालेली पिल्ले पुढे आईबाप होत आणि आपल्या पिल्लांना हीच गोष्ट सांगत. त्यामुळे त्या जंगलात जो खराखुरा तरस राहत होता, त्याला सगळ्यांच्या मागून पाणी प्यावे लागे. असा नियम कुणी केला नव्हता. तो डोहाजवळ आला की भेकरीण आपल्या पिल्लाला पोटाशी घेई, ससे पसार होत, झाडावरची वानरे करवंदीचे काटे आणि सुक्या शेंगा त्याच्या अंगावर टाकत. मग तरस मागे सरे, एका बाजूला बसून राही आणि सगळे गेले की खाली मान घालून गढूळ झालेले पाणी पिई. तरणा होता तेव्हा त्याला राग येत असे. आता तो म्हातारा झाला होता. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

त्या वर्षी फाल्गुनात सायाळ पुन्हा पाने शिवायला बसली. पहिले चित्र कोरड्या ओढ्याचे, ते झाले. दुसरे झऱ्याजवळच्या कासवाचे, तेही झाले. तिसऱ्या पानावर तरस काढायचा होता. काळे अंग, लाल जबडा, वर आलेले दात. तिने कोळसा उचलला आणि ती तशीच बसून राहिली. हे दात तिने इतक्या वेळा काढले होते की डोळे मिटूनही काढता आले असते. पंजा दुखत होता. पाठ दुखत होती. सगळ्यांत जास्त कंटाळा त्या दातांचाच आला होता.

"जाऊ दे," ती स्वतःशीच म्हणाली, "या वेळी दात दुसऱ्या कुणाला तरी देते."

आणि तिने लाल जबडा कासवाला काढला. झरा शोधणारा झाला तरस. पाणी पिऊन धोंडा लोटणारे झाले कासव. शेवटच्या पानावर प्राण्यांनी कासवाला मारमारून त्याच्या पाठीवर भेगा पाडल्या, असे तिने काढले. कासवाच्या पाठीवर चौकटी असतातच, त्यामुळे ते चित्र अगदी बरोबर बसले. तरसाची कीव आली म्हणून तिने हे केले, असे मी तुम्हांला सांगणार नाही. तिच्या मनात तरस नव्हताच. ती फक्त दमली होती.

पिल्लांना गोष्टी वाचून दाखवायचे काम एक वानरीण करी. उंबराच्या झाडाखाली सकाळी पिल्ले जमत, आणि ती फांदीवर बसून एकेक पान उलटवत आवाज काढकाढून गोष्ट सांगे. तिचा जीव होता त्या पिल्लांवर. नवे पुस्तक हातात आल्यावर तिने ते चाळले आणि ती झाडावरून खाली उतरली.

"सायाळबाई, पानं चुकीची शिवली गेलीत का?"

"नाही."

"इथं कासव पाणी लपवतंय!"

"लपवू दे की. दर वर्षी तरसच का म्हणून लपवेल?"

वानरिणीने ते पान पुन्हा एकदा पाहिले. मग तिचे डोळे चमकले. "बाई, हे तर भन्नाट आहे!" ती म्हणाली आणि पुस्तक काखेत मारून धावली.

त्या सकाळी उंबराखाली जो आरडाओरडा झाला तो जंगलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेला. पिल्लांना गोष्ट पाठ होती. ती मनातल्या मनात पुढचे वाक्य म्हणत होती, आणि नेमक्या त्याच जागी गोष्ट भलतीकडेच वळली. एक डुकराचे पिल्लू तर हसता हसता मागे कलंडले. "पुन्हा! पुन्हा!" असे सगळी ओरडू लागली. वानरिणीने ती गोष्ट पुन्हा वाचली, मग आणखी एकदा. ओढ्यापलीकडच्या प्राण्यांनीही निरोप धाडला की आमच्या पिल्लांनाही ती उलटी गोष्ट हवी.

सायाळीला बरे वाटले. बऱ्याच वर्षांनी कुणी तिच्या चित्रांकडे नीट पाहिले होते. कुणी तिला टेंभुर्णीची पिकलेली फळे आणून दिली, कुणी कोवळी मुळे. आणि वानरीण रोज येऊन बसू लागली.

"आता घुबडाची गोष्ट उलटी करा. शहाणं घुबड नको, बावळट घुबड काढा."

सायाळीने काढले.

"मुंगी आळशी करा."

तीही झाली.

"मोराला नाचताच येत नाही, असं दाखवा."

तेही झाले. पण हळूहळू असे होऊ लागले की वानरीण पान उलटवायच्या आधीच पिल्ले ओरडत, "आता हा वाईट निघणार! आता तो पडणार!" आणि पुढच्या पानावर तसेच असे. हसू कमी होत गेले. वानरीण म्हणू लागली, "बाई, आणखी काहीतरी वेगळं हवं हो, मुलं लगेच ओळखतात." सायाळ मान हलवी आणि पुन्हा कोळसा उचली. पूर्वी ती वर्षातून एकदा दमत असे. आता रोज संध्याकाळी दमू लागली. झोपायच्या आधी पंजाला लागलेला रंगही ती धूत नसे.

इकडे डोहावर काय चालले होते ते ऐका.

पहिल्या काही दिवसांतच पिल्लांनी तरसाला गाठले. पळसाच्या फुलांची माळ करून त्यांनी ती त्याच्या गळ्यात घातली. "तरसकाका, तुम्ही आधी पाणी प्या!" ती म्हणाली आणि ओढतच त्याला पुढे घेऊन गेली. सगळ्यांसमोर डोहाच्या मधोमध उभे राहून पाणी प्यायची तरसाला सवय नव्हती. सगळे बघत असताना घोट घशाखाली उतरेना. मग पिल्ले म्हणाली, "झरा कसा शोधलात ते सांगा ना!" तरस म्हणाला, "मी नाही शोधला." तेव्हा सगळी खूश झाली. "बघा, किती साधे आहेत! स्वतःची बढाईसुद्धा मारत नाहीत!" वानरांनी काटे टाकणे बंद केले होते हे खरे. पण आता तरसाला एका बाजूला जाऊन निवांत बसणेही जमेना. बसला की कुणीतरी येऊन विचारी, "काका, तुम्ही दुःखी आहात का? पुस्तकात तर तुम्ही हसताय."

आणि कासव? डोहात एक म्हातारे कासव राहत होते. ते कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसे. सकाळी दगडावर येऊन ऊन खाई, ऊन चढले की पाण्यात उतरे. जुन्या गोष्टीमुळे सगळे त्याला मान देत. पिल्ले त्याला आजोबा म्हणत, आणि ते नुसते डोळे मिचकावी. आता ते दगडावर आले की भेकरीण म्हणे, "सरका जरा, सगळं पाणी तुमचंच आहे का?" ती थट्टेने म्हणे. ससेही थट्टेनेच म्हणत. पण थट्टा ज्याची होते त्याला ती रोज नवी नसते. कासवाने दगडावर यायचे बंद केले. ते नुसते नाक वर काढी, तेवढ्यातही कुणीतरी ओरडे, "प्यायलं बघा, एकट्यानं प्यायलं!"

एके दिवशी सकाळी पिल्लांनी कासवाला काठावर पकडले. "उलटी गोष्ट, उलटं कासव!" असे म्हणत त्यांनी त्याला पाठीवर उताणे टाकले आणि गरगर फिरवले. त्यांना ते खेळणेच वाटले. मग कुणीतरी उंबराकडे हाक मारली आणि सगळी तिकडे धावली. कासव तसेच राहिले, पाय आभाळाकडे, पोट उन्हात. मुलांनो, पाठीवर पडलेल्या कासवाला आपले आपण सरळ होणे फार कठीण असते. ते मान लांब करून जमिनीला रेटत राहिले. ऊन तापले, पोटाचे कवच भाजू लागले. शेवटी पाणी प्यायला आलेल्या एका रानडुकराने जाता जाता मुस्कटाने त्याला ढकलले आणि ते कसेबसे सरळ झाले.

त्याने कुणाकडे तक्रार केली नाही. डोहाकडे एकदा पाहिले आणि ते उलट्या दिशेने चालू लागले. पलीकडच्या दरीत एक डबके आहे असे त्याने कधीतरी ऐकले होते. मध्ये नुसता उघडा कातळ. चैत्राचे ऊन. पण ते चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सायाळ रंगाने माखलेला पंजा धुवायला डोहावर गेली. डोहाच्या काठी कासवाच्या पावलांची आणि घासत गेलेल्या पोटाची रेघ होती, ती सरळ कातळाकडे गेलेली.

"कासव कुठं गेलं?" तिने भेकरिणीला विचारले.

"गेलं असेल दुसरीकडे," भेकरीण म्हणाली. "लाज वाटली असेल."

"लाज? कशाची?"

"म्हणजे काय, पाणी लपवलं नव्हतं का त्यानं?" आणि भेकरीण जरा चाचरली. "म्हणजे, पुस्तकात आहे ना तसं."

सायाळीचे काटे एकदम उभे राहिले आणि मग हळूहळू खाली बसले. तिला एकच सुचले, वासावरून माग काढणे तरसाइतके कुणालाच जमत नाही. ती तरसाच्या गुहेकडे निघाली. इतकी वर्षे ती त्याचे दात काढत होती, पण त्याच्या दारात कधी गेली नव्हती.

तरस सावलीला पडला होता. शेजारी पळसाची सुकलेली माळ होती. सायाळीला पाहून त्याने डोके उचलले.

"या," तो म्हणाला. "आता काय काढणार माझं?"

"काही नाही काढणार. तुमच्याकडे काम आहे." मग बोलायचे ते सोडून तिच्या तोंडून निघाले, "आता बरं आहे ना तुमचं? सगळे मान देतात."

तरसाने पंजाने सुकलेली माळ बाजूला सारली. मग तो म्हणाला, "आधी म्हणायचे मी पाणी लपवलं. तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आता म्हणतात मी पाणी शोधलं. आताही मला कुणी विचारलं नाही. मी आपला तेव्हाही ऐकत होतो, आताही ऐकतोय."

"मग खरं काय झालं होतं?"

"मला काय ठाऊक, बाई? माझ्या आज्याच्या आज्याच्या वेळची गोष्ट. मी तेव्हा होतो कुठे?" तो पुन्हा डोके खाली ठेवू लागला. "फार दमायला होतं हो. वाईट असणं काय, चांगलं असणं काय, दुसऱ्याच्या सांगण्यावरून असलं की दोन्ही सारखंच जड."

सायाळीला आपले काम आठवले. मग म्हणाली, "कासव कातळावरून दरीकडे गेलंय. कालपासून."

तरस उठून बसला. "या उन्हात?"

"हो."

"म्हातारं आहे ते," तरस म्हणाला. "माझ्याहून म्हातारं." त्याने एक सुस्कारा टाकला, पुढचे पाय ताणले, मागचे ओढले आणि तो निघाला. जाताना त्याने मागे वळून एवढेच म्हटले, "तुम्ही हळू या. चटके बसतील."

कातळ तव्यासारखा तापला होता. तरस नाक खाली लावून चालत होता आणि बराच मागे सायाळ पाय उचलून टाकत येत होती. कातळ जिथे फाटला होता, तिथे एका भेगेत कासव अडकले होते. निम्मे आत, निम्मे बाहेर. मान बाहेर लोंबत होती आणि डोळ्यांवर धूळ बसली होती. तरसाने वाकून हुंगले.

"जिवंत आहे," तो म्हणाला.

कासवाने डोळा किंचित उघडला. समोर जबडा होता. "खाणार असशील तर खा," ते पुटपुटले. "मला आता मागं वळवत नाही."

"गप्प राहा आणि पाय आत घ्या," तरस म्हणाला.

मग त्याने जबडा उघडला. त्या जबड्यात हाडांचा भुगा होतो. त्याच जबड्यात त्याने कासव धरले, इतके अलगद की पाठीवर ओरखडाही उठला नाही. असे धरायचे म्हणजे सारखे जपावे लागते. दाब वाढला तर कवच फुटेल, कमी झाला तर निसटेल. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. लाळ गळू लागली. तो त्याच वाटेने परत फिरला.

तो डोहाशी आला तेव्हा उन्हे कलली होती आणि पाण्यावर सगळे जमलेले होते. सगळ्यांनी एकदम पाहिले: तरस येतोय, आणि त्याच्या तोंडात कासव!

"बघा!" एक म्हातारा वानर ओरडला. "जुनीच गोष्ट खरी होती! खातोय तो त्याला!" आणि वरून दगडगोटे येऊ लागले.

"नाही, नाही!" पिल्ले टाळ्या पिटू लागली. "तरसकाका लबाड कासवाला धडा शिकवतायत! शाब्बास काका! आपटा त्याला!"

एक दगड तरसाच्या डोक्याला लागला, एक खांद्याला. फुलेही पडली, तीही त्याच्याच डोक्यावर. तरसाला ओरडून सांगता येत नव्हते. तोंड उघडले असते तर कासव दगडावर पडले असते. तो थांबलाही नाही. मागून सायाळ जीव तोडून ओरडत होती, "थांबा! अरे, थांबा! मारू नका!" पण शिव्या आणि शाबासकी यांच्या गलक्यात तिचा आवाज कुणाला ऐकू येणार?

तरस पाण्यात शिरला, गुडघाभर, मग छातीभर. तिथे त्याने मान खाली घातली आणि जबडा हळूच उघडला.

कासव पाण्यात बुडाले. गलका थांबला. पाण्यावर नुसते वर्तुळ राहिले आणि तेही विरले. कुणीतरी पिल्लू मुसमुसू लागले. इतक्यात काठाजवळ एक नाक वर आले, मग डोळे, मग सबंध मान. कासव पीत होते. पीतच राहिले.

सगळी पिल्ले काठाशी आली. सशाच्या पिल्लाने विचारले, "आजोबा, मग तुमच्या दोघांतलं वाईट कोण?"

"आधी पाणी पिऊ दे रे," कासव म्हणाले.

ते पिऊन झाल्यावरही त्याने उत्तर दिले नाही. त्याने एकदा तरसाकडे पाहिले, मान खाली केली आणि ते डोहाच्या तळाशी झोपायला गेले. पिल्लांपैकी ज्यांनी त्याला उताणे टाकले होते ती आपल्या आयांच्या मागे जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्या वानराने हातातला दगड खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला. तरस पाण्यातून बाहेर आला. त्याच्या भुवईवरून रक्त गळत होते. तो चार पावले चालून काठावरच बसला, कारण गुहेपर्यंत जाण्याचे त्राण त्याच्यात राहिले नव्हते.

वानरीण भरल्या डोळ्यांनी सायाळीजवळ आली. "बाई, हीच आता खरी गोष्ट! आजच काढायला घ्या. तरस वीर, कासव बिचारं, आणि वाईट कोण, तर आम्ही, दगड मारणारे! मुलांना किती धक्का बसेल बघा! असं पुस्तक आजवर कुणी केलं नसेल."

"आज नको," सायाळ म्हणाली.

"मग उद्या?"

"उद्याचंही माहीत नाही. तुम्ही आता मला पानं आणून देऊ नका, बाई. मी सांगेन तेव्हा आणा."

वानरीण हिरमुसली, पण तिने वाद घातला नाही. सायाळ तरसाजवळ गेली आणि थोडे अंतर ठेवून बसली. तिच्या काट्यांमुळे तिला कुणाच्याही अगदी जवळ बसता येत नसे. तिच्याजवळ कोळसा नव्हता, पान नव्हते.

"तुम्हांला विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुमची स्वतःची काय गोष्ट आहे?"

"माझी?" तरसाने डोळे उघडले. "माझी काही गोष्ट नाही हो. पाणी नाही, झरा नाही, काही नाही."

"असू दे. जे असेल ते सांगा. सांगायचं नसेल तर नका सांगू."

तरसाने भुवईवरचे रक्त पंजाने पुसले. पिल्ले एकेक करून जवळ आली होती. त्यांपैकी कुणीही "मला माहीत आहे" म्हणाले नाही, कारण कुणालाच काही माहीत नव्हते.

"माझी आई," तरस अखेर म्हणाला, "फार मोठ्यानं घोरायची."

एक पिल्लू खुदकन हसले आणि घाबरून तरसाकडे पाहू लागले. तरसालाही थोडे हसू आले.

"हसा, हसा. आम्ही भावंडं गुहेच्या बाहेर येऊन झोपायचो. थंडीतसुद्धा. एकदा काय झालं, की पहाटे तिचं घोरणं अचानक थांबलं. आम्ही सगळे दचकून उठलो. आता आत जाऊन बघायचं कुणी? मी सगळ्यांत धाकटा. पण मीच..."

इथे त्याची मान हळूहळू खाली आली. हनुवटी पंजावर टेकली, डोळे मिटले आणि दिवसभराचा शीण त्याच्यावर एकदम उतरला. तो झोपी गेला.

"पुढं काय झालं?" पिल्लांनी सायाळीला विचारले. "आई बरी होती ना? सांगा ना, मावशी. तुम्हांला तर सगळ्या गोष्टी येतात."

सायाळीला एक शेवट सुचला, मग दुसरा सुचला. दोन्ही छान होते. तिने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तो उठला की त्यालाच विचारू."

पिल्लांनी कुरकुर केली. मग भेकराचे पिल्लू खाली बसले, त्याच्या शेजारी ससा, त्याच्या शेजारी डुकराचे पिल्लू. काही वेळाने भेकरीणही येऊन बसली आणि तरसाच्या भुवईवरच्या माश्या फुंकरीने वारू लागली. डोहावर सगळे होते, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हते, कारण कुणीतरी झोपले होते.

तात्पर्य एवढेच : जुनी गोष्ट नुसती उलटी केल्याने खरी होत नाही, त्यात फक्त दोष एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर जातो, म्हणून ज्याची गोष्ट सांगायची, त्याला आधी विचारावे आणि तो सांगेपर्यंत थांबावे.